साडेअठरा किलोंचं दप्तर

४ ऑगस्ट

चि. ठकीस, मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन का उचलत नाही म्हणून रागावली आहेस. अगं, पस्तीस वर्षं शिलाई मशीनच्या खडखडाटात काढल्यावर फोनमधलं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तुझी मामी मध्येच बोलून घालवते. पत्राचं बरं असतं, तीनदा वाचता येतं. तेव्हा राग सोड आणि लिहीत जा.

आम्ही दोघं ठीक आहोत. दुकान तू पाहिलंस तसंच आहे. जिन्याखालची जागा, दोन मशीनं, बकलांच्या बरण्या, समोर शाळेचं बाजूचं फाटक. सुटकेसा आता कुणी दुरुस्त करून घेत नाही. काम येतं ते दप्तरांचं. त्याबद्दलच विचारायचं आहे. तू मोठ्या दवाखान्यातली हाडा-स्नायूंची माहीतगार आहेस, म्हणून.

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या दप्तरांपैकी निम्म्याहून जास्त एकाच जागी फाटलेली होती. पट्टा वर जिथे पाठीला जोडलेला असतो, तिथे. पूर्वी दप्तर फाटायचं ते तळाशी, कारण पोरं ते जमिनीवरून ओढत, त्यावर बसत, त्यानं एकमेकांना हाणत. ते फाटणं खेळाचं होतं. हे नुसतं ओझ्याचं आहे. कापड नवं, दोरा चांगला, तरी शिवण उसवलेली.

त्यात पाचवीतली एक मुलगी आहे. मी तिला चिमणी म्हणतो. परवा ती त्याच दप्तराचा पट्टा तिसऱ्यांदा घेऊन आली. दप्तर घ्यायला मी एक हात पुढे केला आणि मला दुसरा लावावा लागला. जन्मभर चामड्याच्या बॅगा उचललेला माणूस मी! तिला विचारलं की यात दगड भरलेस का. तर अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली की नाही, सगळं अभ्यासाचंच आहे. जाताना पाहिलं, समोरून सोसाट्याचा वारा येत असावा तशी पुढे झुकून चालत होती. वारा तर अजिबात नव्हता. आणखी एक सांगतो. तिची बोटं नीट मिटत नव्हती. विचारलं तर म्हणाली की तिसऱ्या मजल्यावर वर्गात पोचेपर्यंत उजव्या हाताची बोटं झोपतात, मग पहिल्या तासाला अक्षर वाईट येतं आणि बाई रागावतात.

मी पट्टा दुहेरी शिवून दिला. बैलानं ओढला तरी तुटायचा नाही असा. आणि मग मशीनवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. पट्टा तुटत होता तोवर निदान तो तरी कुरकुर करत होता. आता मी त्यालाही गप्प केलं. माझं काही चुकलं का, ते कळव.

मामी आशीर्वाद सांगते. जेवणाची आबाळ करू नकोस. मायेत खंड पडू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा
मामा


११ ऑगस्ट

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तुमच्यासारखंच, तीनदा. माझा राग पहिल्या वाचनातच गेला. तुम्ही मला माहीतगार म्हणालात म्हणून तो जरा लवकर गेला, हेही कबूल करते. एरवी आमच्या फिजिओथेरपीला तुम्ही हातपाय हलवून घेण्याचा खेळ म्हणता.

आधी चिमणीचं. बोटांना मुंग्या येणं हसण्यावारी नेऊ नका. पट्टा जिथे रुततो, तिथून हाताकडे नसा जातात. त्या दाबल्या की बोटं झोपतात. बहुतेक वेळा ओझं उतरलं की बरं वाटतं, पण रोज होत असेल तर डॉक्टरांनी एकदा हात बघायलाच हवा. तिच्या आईला सांगा. घाबरवू नका, समजावून सांगा.

दुसरं, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. मुलीचं वजन करा आणि दप्तराचंही करा. आम्ही साधारणपणे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास दप्तर असावं असं धरतो. काही जण त्याहून थोडं जास्त चालेल म्हणतात. पण पाव हिस्सा चालेल म्हणणारा शहाणा मला अजून भेटलेला नाही. आणि तुमच्या हातात मशीन आहेच, तर पट्टे रुंद करा, आत मऊ अस्तर घाला, आणि ते इतके आवळता येऊ देत की दप्तर पाठीला चिकटून बसेल, कमरेखाली लोंबणार नाही. जड पुस्तकं पाठीकडच्या कप्प्यात हवीत. आणि एका खांद्यावर दप्तर लटकवण्याची ऐट करणाऱ्याचा कान धरायला माझी परवानगी आहे.

तुमचं चुकलं का विचारता. मामा, माझ्याकडे मुलं येतात ती दुखणं सुरू होऊन सहा-सहा महिने उलटल्यावर. आई धरून आणते, बाप घड्याळ बघतो, मूल माझ्याकडे अपराध्यासारखं बघतं. अकरा वर्षं हे चाललंय, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की ही गोष्ट आधी कुणाला दिसत असेल. ती तुम्हाला दिसली, शिवणीवरून. मी इथल्या डॉक्टरांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. बैलाचं वाक्य गाळलं.

मामीला नमस्कार. वजनं कळवा. लोभाचं वजन मात्र कमी करायचं नाही.

तुमची
ठकी


२ सप्टेंबर

चि. ठकीस, अ. उ. आ.

तू सांगितलंस आणि मी ऐकलं, असं आपल्या घराण्यात पहिल्यांदाच घडतंय. मामीनं तारीख लिहून ठेवली आहे.

भंगारवाल्याकडून हुकाचा ताणकाटा आणला. कोपऱ्यावरचा औषधवाला त्याचा माणसं तोलायचा काटा दुपारी तासभर देतो. दुकानासमोर दप्तर टांगायचं, शेजारी मूल उभं करायचं, बरोबर आलेल्या आईला नाहीतर बापाला विचारूनच. दोन आठवड्यांत एक्केचाळीस झाली. सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडलेत, त्याची नक्कल सोबत पाठवतो. चिमणी सव्वीस किलो, तिचं दप्तर सात किलो चारशे ग्रॅम. तिची आई शेजारी उभी होती. तिनं काट्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा काट्याकडे, आणि मला म्हणाली की काटा बिघडलाय. मी तिचीच, दोन किलो बटाटे तोलून आणलेली पिशवी टांगून दाखवली, बरोबर दोन किलो भरली. दुसऱ्या दिवशी ती मुलीला डॉक्टरकडे घेऊन गेली. नस दुखावलेली नाही, पण रोज दाबली जातेय, ओझं कमी करा, असं ते म्हणाले.

एक्केचाळीसपैकी चारच दप्तरं तुझ्या हिशेबात बसली, आणि त्यातलं एक अशा मुलाचं निघालं जो पुस्तकंच आणत नाही. बाकीच्यांत काय काय होतं म्हणून सांगू! एकेका विषयाची तीन-तीन पुस्तकं. दोन लिटर पाण्याची बाटली. वर्षभर कुणी न उघडलेला नकाशांचा जाडजूड संग्रह. एकीच्या दप्तरात धाकट्या भावाचा एक बूट होता, आणि तो घरी महिनाभर शोधत होते.

मग अंगावर इस्त्रीचा सदरा चढवून मोठ्या बाईंना भेटायला गेलो. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बाईंची शिस्त अशी की समोर माणूस बसला की त्या मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात. माझा कागद त्यांनी खालपर्यंत वाचला. मग शांतपणे म्हणाल्या की पुस्तकं कमी केली तर पालकच ओरडतात. त्या स्वतः लहानपणी दीड तास चालत शाळेत जात. मुलांना सवय होते, शरीर शिकतं. आणि शेवटी म्हणाल्या की मामा, पट्टे तुम्ही उत्तम शिवता, शाळा आम्हाला चालवू द्या. अपमान नाही केला हो. चहा पाजला. पण चहा पिऊन बाहेर पडल्यावर लक्षात आलं की आपल्याला हाकललं.

मग मलाही चेव चढला. दुकानावर फळा लावला आहे. लाल रंगानं लिहिलंय की जड दप्तरानं कणा मोडतो आणि मुलं जन्माची अपंग होतात. दोन दिवस गर्दी हटत नाही.

वाढत्या वयाची शोभा सांभाळून आहे, काळजी नसावी. आठवणीत ठेव.

मामा


८ सप्टेंबर

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र हातातून ठेवायच्या आधी उठा आणि तो फळा पुसा. पुसलात? मग पुढे वाचा.

कणा मोडतो हे खोटं आहे. जड दप्तरानं कणा कायमचा वाकडा होतो असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा आम्हा लोकांकडे नाही. पाठ दुखते, मान आणि खांदे आखडतात, मूल दमतं, जिन्यावर तोल जातो, हे मात्र मी रोज बघते. एका मुलाला शाळेत जाताना दुखतं, एवढं कारण पुरेसं नाही का? त्याला आणखी तिखटमीठ कशाला? घाबरवून मिळवलेला होकार पहिल्याच प्रश्नाला उसवतो, हे शिवणाऱ्या माणसाला मी सांगायचं का?

रागावले, कारण तुमचा एक्केचाळीस दप्तरांचा कागद इतका सुंदर आहे. आमच्या विभागप्रमुखांनी तो भिंतीवर लावलाय. त्यांनी विचारलं की हा अभ्यास कुठल्या संस्थेनं केला. मी सांगितलं की जिन्याखालच्या संस्थेनं.

आणि मोठ्या बाईंवर दात धरू नका. त्यांच्या जागी बसून बघा. चार बाजूंनी चार माणसं ओढत असतील. मी तुमच्या जागी असते तर एकच प्रश्न धरून बसले असते. प्रत्येक वस्तू दप्तरात का आली? बाटली दोन लिटरची का? सगळी पुस्तकं रोज का? कुणी सांगितलं म्हणून, की कुणी सांगितलं नाही म्हणून? दुखणाऱ्या माणसाला आम्ही हेच विचारतो, की कधीपासून आणि काय करताना. उत्तर बहुधा वेगळ्याच जागी सापडतं.

मला रजा मिळायला अजून दोन महिने आहेत. तोवर सांभाळून. काही धाडस करू नका, तुमचं वय त्रेसष्ट आहे, तेवीस नव्हे. प्रेम आहे म्हणून बोलते, ते समजून घ्यालच.

तुमची
ठकी


२४ सप्टेंबर

चि. ठकीस मामीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. हे आत पाय उंच ठेवून पडलेत आणि तुला कळवू नको म्हणून दोनदा बजावलंय. म्हणून तर लगेच लिहायला बसले.

तुझं पत्र आलं तेव्हा फळा पुसला, हे खरं. तोंड एवढंसं झालं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून म्हणाले की फिरायला जातो. मी म्हटलं, चला, उशिरा का होईना अक्कल आली. रोज जायचे, घामाघूम होऊन यायचे, गरम पाणी मागायचे. मला वाटलं, प्रकृतीला मानवतंय. कसलं काय!

झालं होतं असं. हे पुन्हा मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हणाले की बाई, तुम्ही म्हणता सवय होते, तर किती दिवसांत होते ते मी स्वतः बघतो. चिमणीच्या अंगाशी तिच्या दप्तराचं जे प्रमाण, तेच ह्यांच्या अंगाला लावून वजन काढलं. हे पासष्ट किलोंचे, दप्तर निघालं साडेअठरा किलोंचं. ते जुन्या पुस्तकांनी आणि बकलांच्या डब्यांनी भरलं. शाळा भरायच्या आधी खालपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचं, बासष्ट पायऱ्या, आठ दिवस. बाईंना वाटलं असेल, म्हातारा एका दिवसात थकेल. हसून हो म्हणाल्या.

हे काही थकले नाहीत. पाचव्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या पुढच्या वळणावर गुडघ्यानं दगा दिला. पडलेच असते. पण बाई मागेच होत्या, म्हणून धरलं. शाळेचा चौकीदार सांगतो की बाई रोज खोलीच्या दारातून बघायच्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मागून चढत होत्या. त्यांनी ह्यांना पायरीवर बसवलं, पाठीवरचं ओझं उतरवलं. चौकीदार ते न्यायला धावला तर त्याला म्हणाल्या की मामांना धर, हे मी आणते. आणि दोन्ही पट्टे खांद्यावर घेऊन जिना उतरू लागल्या. पहिल्या मजल्यापर्यंत आल्या आणि भिंतीला हात लावून मटकन पायरीवर बसल्या. उतरताना गं, चढताना नव्हे! चौकीदार म्हणतो की एवढ्या वर्षांत बाईंना पायरीवर बसलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

घरी सोडायला स्वतः आल्या. ह्यांना विचारलं की मग मामा, सवय झाली का? हे म्हणाले की पायांना दुसऱ्या दिवशीच झाली. पण तिसऱ्या दिवसापासून एक गोष्ट ध्यानात आली, की मान वरच होत नाही, नुसत्या पायऱ्या दिसतात. आज खाली बसलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्या जिन्याच्या भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं लावली आहेत. चार दिवस मी त्यांच्या शेजारून गेलो, मला ठाऊकच नव्हतं. बाई थोडा वेळ बसून निघून गेल्या.

आता तूच सांग, मी ह्यांना रागवू की ह्यांचं कौतुक करू? काल दिवसभर रागावले. आज सकाळी त्यांचा पाय चोळताना डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कांदा चिरत होते असं सांगितलं. पाय चोळताना कांदा कुठला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. असा हा भोळा माणूस माझ्या वाट्याला आलाय.

गुडघ्यावर सूज आहे. काय करायचं ते लगेच कळव. तुझ्यावर आमचा जीव आहे, तो सांगायला कागद पुरत नाही.

तुझी
मामी


२८ सप्टेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि.

मामीला रागवायचं नाही. तिनं लिहिलं नसतं तर मी तुमच्याशी जन्मात बोलले नसते.

सोबतचा कागद भिंतीला चिकटवा. बर्फ किती वेळ, पाय किती उंच, कुठला व्यायाम कधीपासून, सगळं लिहिलंय. त्याआधी तिथल्या डॉक्टरांना गुडघा दाखवायचा, उद्याच. पायावर भार टाकता येत नसेल किंवा गुडघा अडकतोय असं वाटलं तर फोटो काढल्याशिवाय घरी यायचं नाही. आणि त्रेसष्ट वर्षांच्या माणसानं साडेअठरा किलो घेऊन बासष्ट पायऱ्या पाच दिवस चढणं याला आमच्या शास्त्रात एक शब्द आहे, तो मोठ्यांना लिहिता येत नाही.

रागाचं काम संपलं. आता दुसरं.

तुम्ही बाईंना जे सांगितलंत, ते मामीनं कळवलं. मान वर होत नाही, चित्रं दिसत नाहीत, ते. मामा, मी पुस्तकांत वाचलंय की ओझं जड झालं की माणूस पुढे झुकतो, मान पुढे येते, अंशांत मोजलेलं आहे. परीक्षेत त्याला गुण मिळवलेत. पण मुलाला शाळाच दिसत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. काल एक सातवीतला मुलगा आला होता. नेहमीप्रमाणे कुठे दुखतं विचारण्याआधी मी त्याला विचारलं की शाळेत जाताना वाटेत काय काय दिसतं. तो विचार करून म्हणाला की बूट.

तुमची भाची आहे हे मी इथे सगळ्यांना सांगत असते. आता जरा जास्तच सांगते. पाय उंच आणि मन शांत ठेवा. एवढं केलंत की माझ्यावरचं प्रेम पोचलं असं समजेन.

तुमची
ठकी


१९ ऑक्टोबर

चि. ठकीस, अ. उ. आ.

फोटो काढला, हाड ठीक आहे. व्यायाम करतो आहे. मामी समोर बसून मोजते आणि आठानंतर पुन्हा सहा म्हणते.

तू म्हणाली होतीस ना, प्रत्येक वस्तू दप्तरात का आली ते विचारा. त्याचं उत्तर माझ्याच घरात मिळालं. सांगतो.

गेल्या आठवड्यात मोठ्या बाई पुन्हा मला बघायला आल्या. चहा टाकलेला. तेवढ्यात चिमणी आणि तिची आईही आल्या. पोरीनं माझ्यासाठी एक चित्र काढून आणलं होतं. त्यात माझं नाक फार मोठं आलंय. बाईंना बघून ती दारातच थिजली. बाईंनी जवळ बोलावलं आणि मऊ आवाजात विचारलं की वेळापत्रकात चार विषय असताना तू नऊ विषयांची पुस्तकं का आणतेस. आई म्हणाली की मी रोज सांगते, काढून ठेव, तर रडते, पण काढत नाही. मी म्हटलं की सांग गं, इथे कुणी रागावणार नाही. मग ती माझ्या पायाच्या पट्टीकडे बघत म्हणाली की वर्ष सुरू झालं तेव्हा एकदा भूगोलाचं पुस्तक घरी राहिलं होतं. भूगोल त्या दिवशी नव्हताच, पण दुसऱ्या बाई आल्या नाहीत म्हणून तो तास भूगोलाचा झाला. मग तासभर व्हरांड्यात उभं राहावं लागलं. येणारे-जाणारे बघत होते. तेव्हापासून तिनं ठरवलं की काहीच घरी ठेवायचं नाही.

बाईंनी विचारलं की कुणी उभं केलं. चिमणी दाराशी काढलेल्या आपल्या चपलांकडे बघत राहिली. आणि ठकी, मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांना आठवलं ते मला दिसलं. त्या दिवशी तो तास त्यांनीच घेतला होता.

मामीच्या हातातली कपबशी तशीच राहिली. बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पण टेबलावर न ठेवता मुठीत धरून बसल्या. मग चिमणीला जवळ घेऊन म्हणाल्या की चूक तुझी नव्हती, माझी होती. एवढंच. पोरीला काय करावं कळेना. तिनं घाईघाईत सांगितलं की बाई, असू द्या.

मला वाटलं, इथे संपलं. मोठ्या माणसानं चार भिंतींत एवढं म्हटलं तरी पुष्कळ. पण शनिवारी पालकांची सभा झाली. मलाही काट्यासकट बोलावलं होतं, काठी टेकत गेलो. सभागृह गच्च. बाई उभ्या राहिल्या आणि कसलंही भाषण न करता त्यांनी हीच हकीकत सांगितली, मुलीचं नाव न घेता आणि स्वतःचं न लपवता. म्हणाल्या की आम्ही मुलांच्या पाठीवर पुस्तकं दिली असं समजत होतो, पण त्यातली निम्मी भीती होती, आणि ती मी दिली. ठकी, मी पुष्कळ धीट माणसं पाहिली. पण तीनशे लोकांसमोर असं बोलायला जे लागतं, ते साडेअठरा किलो उचलायला लागत नाही. मी त्या बाईंविषयी तुला काय काय लिहिलं होतं, ते फाडून टाक.

मग पुढचं भराभर झालं. म्हणजे भांडणं झाली आणि मग झालं. एक वडील उठून म्हणाले की पुस्तकं कमी केली तर अभ्यास बुडेल. बाईंनी त्यांना शांतपणे विचारलं की अभ्यास पाठीनं होतो का. लोक हसले, तेही हसले. एका आईनं सांगितलं की बाटली दोन लिटरची, कारण शाळेच्या नळाचं पाणी गढूळ येतं. तर मागच्या रांगेतून एक नळकाम करणारा बाप म्हणाला की ते तो रविवारी बघतो. ठरलं ते असं: वेळापत्रक आदल्या दिवशी पक्कं, तास बदलला तरी पुस्तक नसल्याची शिक्षा नाही. जाड पुस्तकं वर्गातच राहतील. ठेवायला कपाटं नाहीत म्हणून प्रत्येक मुलाला भिंतीवर एक कापडी कप्पा. ते शिवायचं माझ्याकडे. एकशे ऐंशी कप्पे! पडद्यांचं जाड कापड आलंय, मामी कापते, मी बसल्या जागी शिवतो. पाय तुझ्या आज्ञेप्रमाणे स्टुलावर असतो. दोन आया दुपारी मदतीला येतात. त्यातली एक चिमणीची आई, तिची शिवण माझ्याहून सरळ आहे. हे बाहेर सांगू नकोस.

आमच्यावर छत्र धरून असतेस, तशीच राहा.

मामा


२५ ऑक्टोबर

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन आमच्या विभागप्रमुखांकडे गेले होते. त्या फार कमी बोलतात. वाचून झाल्यावर म्हणाल्या की आपण खांदे तपासतो, पण कुणी त्या मुलीला काय वाटतं ते विचारत नाही. मग त्यांनी आमच्या तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवली. दप्तरात काय असतं याच्याखाली आता लिहिलंय, का असतं? मामा, हा प्रश्न मी तुम्हाला पत्रात सहज लिहिला होता. पोरीला बोलतं तुम्ही केलंत आणि ऐकायची हिंमत त्या बाईंनी केली. माझं त्यात काही नाही, पण ही ओळ दिसली की मला उगाच ताठ उभं राहावंसं वाटतं.

मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना ओळखत नाही, तरी सांगा. एकशे ऐंशी कप्पे एका दमात शिवायचे नाहीत, दर अर्ध्या तासानं उठायचं. रजा पंधरा नोव्हेंबरपासून आहे, तेव्हा येऊन मोजणार आहे. तोपर्यंत मायेनं आठवण काढत राहा.

तुमची
ठकी


५ नोव्हेंबर

चि. ठकीस, अ. उ. आ.

तू येशीलच दहा दिवसांत, पण एवढं थांबवत नाही म्हणून लिहितो.

कप्पे रविवारी टांगून झाले. निळे, हिरवे, एक मोठी रांग जुन्या पडद्याच्या फुलांची. नळाला स्वच्छ पाणी आलं. सोमवारी पुन्हा काटा लावला. बाई शेजारी बसून आकडे लिहीत होत्या. सगळं जादूसारखं झालं असं नाही. आठवी-नववीची दप्तरं अजून जड आहेत, त्यांची जाड पुस्तकं दोन भागांत शिवून द्यायचं आम्ही ठरवतोय. एक बाप अजूनही मुलाच्या दप्तरात गुपचूप जास्तीचं पुस्तक घालतो, मुलगा ते गुपचूप माझ्या दुकानात ठेवून जातो. पण चिमणीचं दप्तर भरलं दोन किलो सहाशे. तिच्या आईनं सांगितलं की दोन आठवडे झाले, बोटं झोपली नाहीत. पोरीनं स्वतःच काही पुस्तकं घरी ठेवली, कुणी न सांगता. पहिल्या दिवशी भीतीनं तिचं पोट दुखलं म्हणे. दुसऱ्या दिवशी थोडं कमी.

आज सकाळची गोष्ट सांगतो. दुकान उघडून खुर्ची बाहेर टाकून बसलो होतो. शाळेची पहिली घंटा झाली. एवढी वर्षं या वेळेला फाटकातून मुलं आत जाताना मी पाहतो आहे. एकामागून एक, खाली मान घालून, हमालांसारखी. आज गल्लीच्या टोकाकडून आवाज आला आणि मला कळेना की काय झालं. माझे कान असे. मी उभा राहिलो. तर पोरं पळत येत होती गं. दहा-बारा, मग वीस, मग मोजता येईनात. कुणी कुणाला शिवायला धावतंय, कुणाची वेणी सुटलीय, दप्तरं पाठीवर टपटप उडतायत. चौकीदार गडबडला. फाटकात पळायचं नाही असा नियम आहे, पण तो बजावायची वेळ त्याच्यावर बहुधा आलीच नव्हती. त्यानं हात आडवा केला आणि बाईंकडे पाहिलं. बाई फाटकाजवळच उभ्या होत्या. त्या दुसरीकडेच बघायला लागल्या. त्यानं हात खाली घेतला.

घोळक्यात चिमणी होती. मी तिला हाक मारली, हात हलवला, काठीसुद्धा उंचावली. तिनं पाहिलंच नाही. पळत आत गेली.

इतका आनंद मला कुणी ओळख न दाखवल्याचा कधी झाला नव्हता. ये लवकर. स्टेशनावर घ्यायला येईन, दोन्ही पायांवर.

तुझा
मामा